बुलिमियावरील मानसोपचार: रोजच्या दवाखान्यात नेमके काय करावे लागते

शमी

खाण्याशी संबंधित विकारांवर मी पुण्यात सोळा वर्षे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. या काळात बुलिमिया, म्हणजे भान हरपून खाणे आणि मग ते मुद्दाम बाहेर काढणे हा आजार, असलेल्या ज्या स्त्रिया आणि जे मोजके पुरुष माझ्याकडे आले, त्यांपैकी फारच थोडे जण बुलिमियासाठी म्हणून आले होते. कुणी न थांबणाऱ्या ॲसिडिटीसाठी फिजिशियनकडे गेले होते, कुणाला दंतवैद्यांनी पाठवले होते, कुणी उदास वाटते म्हणून आले होते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, वेळ संपून उठता उठता, घरातले सगळे झोपल्यावर फरसाण, शिळा भात, बिस्किटांचे पुडे असे हाताला लागेल ते खाऊन आपण नंतर मुद्दाम उलटी करतो, असे त्यांनी सांगितले. वजन बहुधा चारचौघांसारखेच असते, त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही.

या आजारावर उपयोगी ठरलेली मानसोपचाराची पद्धत सुमारे चाळीस वर्षांपासून उपलब्ध आहे, पण रोजच्या दवाखान्यात ती पुरतेपणी क्वचितच दिली जाते. आपण तिच्यातला बोलण्याचा भाग ठेवतो आणि करण्याचा भाग गाळतो, असे माझे मत झाले आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे. रुग्णांविषयी जे लिहिते आहे त्यातले तपशील ओळख पटू नये इतके बदललेले आहेत.

लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली तीस रुग्णांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन करून त्याला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिले, तेव्हा तो सहसा दाद न देणारा आजार मानला गेला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी त्याच्यासाठी विचार आणि वागणे दोन्ही बदलण्यावर भर देणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची, म्हणजे सीबीटीची, खास मांडणी केली आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये ती विकसित होत गेली. तिच्यामागची कल्पना समजायला सोपी आहे. स्वतःची किंमत जवळजवळ सर्वस्वी वजनावर आणि शरीराच्या आकारावर ठरवणारी व्यक्ती खाण्याचे कडक नियम घालून घेते. उपाशी शरीर कधीतरी ते नियम मोडतेच, आणि एक घास चुकला म्हणजे सगळेच बिघडले असे वाटून ती व्यक्ती भान हरपून खाते. मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या किंवा दुसऱ्या दिवशीचा कडकडीत उपास येतो, आणि त्या उपासातच असे भान हरपून खाण्याच्या पुढच्या झटक्याची तयारी होते. खाल्लेले बाहेर काढता येते हा विश्वास हे चक्र आणखी घट्ट करतो. प्रत्यक्षात उलटीने खाल्लेले सगळे कधीच बाहेर पडत नाही. जुलाबाच्या गोळ्या मोठ्या आतड्यावर काम करतात, आणि तोपर्यंत अन्नातले बहुतेक सर्व पोषण लहान आतड्यात शोषले गेलेले असते. काट्यावर कमी दिसते ते पाण्याचे वजन असते.

उपचाराचे पहिले चार आठवडे सर्वांत महत्त्वाचे असतात आणि त्या काळात रुग्णाला आठवड्यातून दोनदा बोलवायचे असते. पहिल्याच भेटीपासून नोंदवही सुरू होते. काय खाल्ले, किती वाजता, कुठे बसून, ते जास्त झाले असे वाटले का, उलटी झाली का आणि त्या वेळी मनात काय चालले होते, हे रात्री आठवून नव्हे तर त्याच वेळी लिहायचे. आठवड्यातून एकदाच, माझ्यासमोर, वजन करायचे आणि एका आकड्यावरून काहीही न ठरवता चार आठवड्यांचा कल पाहायचा. त्यानंतर नियमित खाणे येते. तीन जेवणे आणि मधल्या वेळचे दोन-तीनदा खाणे ठरलेल्या वेळी घ्यायचे, दोन खाण्यांत सहसा चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही आणि रात्री झटका येऊन गेला तरी सकाळचा नाश्ता सोडायचा नाही. ऐकायला हे आहारतज्ज्ञाच्या तक्त्यासारखे वाटते. परंतु ज्या व्यक्तीने आठ वर्षांत नाश्ता केलेला नाही तिला सकाळी नऊ वाजता दोन पोळ्या खायला लावणे हा मानसोपचारच आहे, कारण त्या दोन पोळ्यांपाशी तिची सगळी भीती उभी असते.

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक पदव्युत्तर विद्यार्थिनी माझ्याकडे अकरा महिने येत होती. दुसऱ्या महिन्यानंतर मी तिची वही मागितली नाही, कारण वही उघडली की ती मान खाली घालायची आणि मला ते पाहवत नसे. आम्ही तिच्या वडिलांविषयी, वसतिगृहातल्या एकटेपणाविषयी, शाळेत मिळालेल्या चिडवण्याच्या नावाविषयी फार मनापासून बोललो. ती स्वतःला उत्तम ओळखू लागली, पण आठवड्यातल्या चार रात्री उलट्या तशाच चालू होत्या. मग तिने येणे थांबवले. त्या अकरा महिन्यांत तिचे दात आणखी झिजले, आणि ते मला थांबवता आले असते असे मला आजही वाटते. उपचारक मूळ पद्धतीपासून असा हळूहळू दूर सरकतो, यावर ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ ग्लेन वॉलर यांनी बरेच लिहिले आहे. बहुतेक वेळा आपण आळसाने सरकत नाही, रुग्णाला त्रास होऊ नये या मायेने सरकतो, आणि म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

कवडसा

शमीताई, तुमचा प्रामाणिकपणा मनाला भिडला, तरी एक शंका नोंदवते. मी मनोगतिक, म्हणजे दबलेल्या भावना आणि जुनी नाती उलगडत जाणाऱ्या, पद्धतीने काम करणारी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या बाबतीत खाणे आणि ओकणे ही न बोललेल्या रागाची भाषा असते, असे मला वारंवार दिसले आहे. आपण थेट वेळापत्रक हातात दिले, तर घरात आधीच आज्ञा पाळत आलेल्या मुलीला आणखी एक आज्ञा देणारे माणूस भेटते. ती वही तुम्हाला खूश करण्यासाठी भरेल आणि आतले दुखणे तसेच राहील, किंवा दुसऱ्या रूपाने बाहेर पडेल. अकरा महिन्यांत तुम्ही जे ऐकून घेतले ते वाया गेले असे मला वाटत नाही.

शमी

तुमच्या शंकेचा पहिला भाग मला मान्य आहे. मला खूश करण्यासाठी भरलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत प्रत्येक दिवस नीटनेटका असतो आणि कुठेही खाडाखोड नसते. अशा वेळी वही बाजूला ठेवून मी तेच विचारते, की इथेही चांगली मुलगी व्हावे लागते आहे का. त्यातून फार मोलाचे बोलणे निघते. पण ते वहीमुळेच निघते.

दुसऱ्या भागाविषयी कोपनहेगनच्या अभ्यासाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण तो मला व्यक्तिशः अवघड गेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बुलिमियाच्या ७० रुग्णांपैकी काहींना दोन वर्षे दर आठवड्याला तुमच्या पद्धतीच्या जवळचे मनोविश्लेषणात्मक उपचार मिळाले आणि बाकीच्यांना पाच महिन्यांत सीबीटीची वीस सत्रे मिळाली. पाच महिन्यांनंतर झटके आणि उलट्या पूर्णपणे थांबलेल्यांचे प्रमाण सीबीटी गटात ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ६ टक्के होते. दोन वर्षांनंतर, म्हणजे सीबीटी संपून दीड वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर, ते अनुक्रमे ४४ आणि १५ टक्के होते. अभ्यास करणारे प्रमुख संशोधक स्वतः मनोविश्लेषणाच्या परंपरेतले होते आणि त्यांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

मात्र ४४ टक्के म्हणजे निम्म्याहून कमी, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. शिवाय नातेसंबंधांवर काम करणाऱ्या आयपीटी (इंटरपर्सनल सायकोथेरपी) या पद्धतीची गोष्ट वेगळी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या २२० रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात उपचार संपताना सीबीटी गटातले २९ टक्के आणि आयपीटी गटातले ६ टक्के रुग्ण बरे झालेले होते, पण पुढच्या वर्षभराच्या पाठपुराव्यात हा फरक लक्षणीय राहिला नाही. म्हणजे नात्यांच्या वाटेनेही माणसे बरी होतात, त्यांना अधिक वेळ लागतो. त्या वेळात उलट्यांमुळे दातांची झीज, रक्तातल्या पोटॅशियमची घट आणि त्यामुळे हृदयाला असलेला धोका चालू राहतो, म्हणून मी खाण्यापासून सुरुवात करते. वडिलांविषयीचे बोलणे मी टाळत नाही; दहाव्या-बाराव्या सत्रात ते पुन्हा निघते, आणि तोपर्यंत पोटभर जेवणारी मुलगी ते अधिक शांतपणे बोलू शकते.

निरांजन

मी रुग्ण म्हणून लिहिते आहे. एकोणिसाव्या वर्षी सुरू झालेला हा आजार एकतिसाव्या वर्षापर्यंत माझ्याजवळ राहिला, आणि आता सहा वर्षे मी बरी आहे.

कवडसाताईंना नम्रपणे सांगते, की माझ्या पहिल्या दोन समुपदेशकांनी मला समजून घेतले आणि मी त्यांची ऋणी आहे. परंतु दोघींनीही एकदासुद्धा मला विचारले नाही की काल तू काय खाल्लेस. मी दर आठवड्याला घाबरून जात असे की आज विचारतील, आणि विचारले नाही की घरी येताना मला वाटायचे, हे इतके किळसवाणे आहे की त्यांनाही ऐकायचे नाही. तिसऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारले, आणि मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला तो तिथे.

माझ्या बाबतीत सगळे अडले होते दुपारच्या चारच्या खाण्यावर. सकाळी मी कशीबशी खात असे, डबाही संपवत असे. पण दुपारी चारला भूक नसताना दोन चमचे शेंगदाणे आणि एक केळे खाणे मला गुन्ह्यासारखे वाटे. तीन आठवडे वहीत ती ओळ बहुतेक दिवस रिकामी होती. मॅडमनी वह्या शेजारी शेजारी ठेवून मलाच शोधायला सांगितले, की ज्या रात्री झटका आला त्या दिवशी चारची ओळ कशी होती. बारापैकी अकरा वेळा रिकामी होती. कुणी मला हे तोंडी समजावले असते तर मी वाद घातला असता. माझ्याच अक्षरातले मला नाकारता आले नाही.

दुसरी अडचण उपवासांची होती. आमच्या घरी संकष्टी, एकादशी आणि गुरुवार होते, आणि खरे सांगायचे तर मला त्यांचा आधार वाटत असे, कारण त्या दिवशी न खाण्याचे कारण कुणी विचारत नसे. चंद्रोदयानंतरचे जेवण मात्र जेवणापाशी थांबायचे नाही. उपचारात उपवास थांबवायला सांगितले तेव्हा आजी काय म्हणेल याची मला फार धास्ती होती. आजीला आजाराचे नाव सांगितले नाही, डॉक्टरांनी पोट रिकामे ठेवायला मनाई केली आहे एवढेच सांगितले. ती लगेच म्हणाली, "आजारी माणसाला उपास नसतो, देवाला कळते ते."

शमी

निरांजन, तुमच्या आजीचे वाक्य मी पुढे कित्येकांना सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर. श्रद्धेने केलेला उपवास आणि आजाराने पांघरलेला उपवास बाहेरून सारखेच दिसतात. त्यात भेद करण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. उपचाराच्या वीस आठवड्यांपुरते सगळेच उपवास थांबवू या, नंतर तुम्हीच ठरवा, एवढेच सुचवते. हल्लीचे सोळा तास न खाण्याचे प्रकारही मी त्यातच धरते, आणि ते सोडवणे एकादशीपेक्षा अवघड जाते.

खडीसाखर

मी दंतवैद्य आहे. पुढच्या वरच्या दातांची आतली बाजू, म्हणजे टाळूकडची, गुळगुळीत आणि झिजलेली दिसली आणि बाहेरची बाजू ठीक असली, तर पोटातले आम्ल तोंडात वारंवार येत असल्याची शंका आम्हाला येते. त्याला ॲसिडिटीही कारण असू शकते, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नये. कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल भरल्यासारखे दिसणे आणि बोटांच्या सांध्यांवर जुने घट्टे असणे या गोष्टी सोबत असतील, तर मी आईला बाहेर बसवून एकटीला विचारते. बहुतेक मुली सांगतात. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेला थर घासताना आणखी निघतो. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, एवढे मात्र प्रत्येकीला सांगते. आजार आटोक्यात येईपर्यंत दातांवर महागडी कॅप बसवण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

माळरान

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जनरल प्रॅक्टिस करतो. इथे खाण्याच्या विकारांवर काम करणारे कुणी नाही. गेल्या वर्षी अशक्तपणा आणि पायात गोळे येतात म्हणून आलेल्या एका मुलीचे रक्तातले पोटॅशियम २.७, म्हणजे धोका वाटावा इतके कमी, निघाले, आणि तिची आई खोलीबाहेर गेल्यावर खरे कारण कळले. तिला त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. ती परत आल्यावर पुढे काय करावे हे मला समजेना. आठवड्यातून दोनदा पुण्याला जाणे त्या कुटुंबाला शक्य नव्हते.

शमी

डॉक्टर, तुम्ही पोटॅशियम तपासलेत हेच मोठे काम केलेत. वारंवार उलट्या करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या रक्तातील क्षार तपासले पाहिजेत आणि ते कमी असतील तर ईसीजीही काढला पाहिजे. मानसोपचार त्यानंतर सुरू होतो. औषधांपैकी फ्लुओक्सेटिन दिवसाला ६० मिलिग्रॅम या मात्रेत झटके कमी करते असे दाखवले गेले आहे. ही मात्रा नैराश्यासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या २० मिलिग्रॅमपेक्षा बरीच जास्त आहे, त्यामुळे ते मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि केवळ औषधावर थांबू नये. नैराश्यावरचेच बुप्रोपिऑन हे औषध मात्र या रुग्णांना देऊ नये, कारण त्याने फिट येण्याचा धोका वाढतो.

अंतराच्या प्रश्नावर पर्याय म्हणून मी आता व्हिडिओवर सत्रे घेते. वहीचा फोटो आदल्या रात्री येतो आणि वजन तुमच्यासारख्या स्थानिक डॉक्टरांकडे आठवड्यातून एकदा होते, म्हणजे घरातला काटा काढून टाकता येतो. तुमच्याकडे आलेल्या त्या मुलीच्या बाबतीत हे जमण्यासारखे असेल तर मला निरोप पाठवा. अगदी कुणीच नसेल तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. तिथे वीस सत्रांचा उपचार मिळणार नाही, पण पुढची वाट दाखवली जाते.

परदेशी पाखरू

मी ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत थेरपिस्ट आहे. माळरान यांच्या अडचणीशी आमच्याकडची एक गोष्ट जुळते. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ रुग्णांना आधी मार्गदर्शित स्वयंसाहाय्य द्यायचे असते. रुग्णाने सीबीटीवर आधारित पुस्तिका टप्प्याटप्प्याने स्वतः वापरायची आणि सोळा आठवड्यांत वीस-वीस मिनिटांच्या चार ते नऊ भेटींत कुणीतरी तिच्याबरोबर ती पाहायची. चार आठवड्यांत उपयोग दिसला नाही, तर पूर्ण वीस सत्रांकडे जायचे. प्रशिक्षण घेतलेली परिचारिकासुद्धा हे करू शकते. मराठीत अशी पुस्तिका असती, आणि तिच्यात टोस्टऐवजी भाकरी आणि पोहे असते, तर तालुक्याच्या डॉक्टरांना ती हाती धरून काम करता आले असते. ती लिहिण्यासाठी शमीताई, खडीसाखर आणि निरांजन तयार असतील, तर मी माझे शनिवार द्यायला तयार आहे.

सोनचाफा

मी आई आहे. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या कपाटात रिकामे पुडे आणि जुलाबाच्या गोळ्यांची पाकिटे सापडली, आणि जेवणानंतर ती इतका वेळ न्हाणीघरात का असते ते मला कळले. मी अजून तिला काही बोललेले नाही. स्वयंपाकघराला कुलूप लावावे का, तिच्या मागे मागे जावे का, यजमानांना सांगावे का, मला काहीच सुचत नाही. माझ्याच पथ्यपाण्याचे ऐकून ती अशी झाली, असे सारखे मनात येते.

शमी

ताई, कुलूप लावू नका आणि गोळ्यांची पाकिटे दाखवून जाब विचारू नका. हा आजार कुणा एकामुळे होत नाही. तुमच्या पथ्याला दोष देत बसण्यापेक्षा तुम्ही तिच्यासोबत रोज जेवायला बसणे तिला जास्त उपयोगी पडेल. सोळाव्या वर्षी आईवडिलांना बाहेर ठेवून उपचार करणे मला योग्य वाटत नाही. याच वयासाठी कुटुंबाला सोबत घेणारी उपचारपद्धती आहे, सुमारे सहा महिन्यांत अठरा ते वीस सत्रांची. तिच्यात मुलीवर पहारा ठेवत नाहीत. जेवणे वेळेवर होतील आणि जेवणानंतरचा तासभर ती एकटी पडणार नाही, याची जबाबदारी आईवडील तिच्या संमतीने काही काळ उचलतात. पत्ते खेळा, एखादी मालिका पाहा, काहीही चालेल. घरात वजनाविषयी, कुणाच्याही वजनाविषयी, बोलणे बंद करा. यजमानांना सांगा, पण तिला विचारून. आणि या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या रक्तातील क्षार तपासून घ्या, त्यासाठी थेरपिस्टची वेळ मिळेपर्यंत थांबू नका.

सोनचाफा

रक्ताची तपासणी उद्याच करून घेते. पण मला कळले आहे हे तिला सांगू कसे? समोर बसवून बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि ती खोलीत निघून जाते.

निरांजन

काकू, समोर बसवू नका. माझ्या आईने मला स्कूटरवर सांगितले होते. मी मागे बसले होते, सिग्नल लागला होता आणि तिला माझा चेहरा दिसत नव्हता, मलाही तिचा. ती म्हणाली, "तू रात्री उलट्या करतेस ते मला ऐकू येते. मी रागावलेली नाही. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी बाहेर बसेन." मी काहीच उत्तर दिले नाही. घरी पोचेपर्यंत तीही पुन्हा काही बोलली नाही, आणि जिना चढताना तिने माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली. उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. ते चार दिवस तिने मला दिले.